अमेरिकेत पीटी (फिजिकल थेरपिस्ट) आहात आणि दुसऱ्या राज्यातले पेशंट बघायचेत? कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेज कसं घ्यायचं ते सांगते

न्यू जर्सीचं लायसन्स हातात आहे, आणि पीटींना तात्पुरत्या नोकऱ्या देणाऱ्या ट्रॅव्हल एजन्सीवाली फोनवर सांगतेय की टेक्सासमध्ये तेरा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट आहे, लवकर कळवा. आता टेक्सासच्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाकडे परत सगळी कागदपत्रं, परत व्हेरिफिकेशन, परत फी, परत वाट बघणं, आणि तोवर ते कॉन्ट्रॅक्ट दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असतं. हा ताप कमी करायला पीटी कॉम्पॅक्ट नावाची सोय आहे, आणि चांगली चालते हो, पण तिच्याबद्दल अर्धवट माहितीच जास्त फिरते. "कॉम्पॅक्ट घेतलं की सगळीकडे चालतं" असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात, त्यांच्या नादाला लागू नका.

दोन पत्ते डोक्यात ठेवा, बाकी सगळं त्यावरून सुटतं. तुम्ही राहता कुठे, आणि ट्रीटमेंटच्या वेळी पेशंट आहे कुठे. कंपनी कुठली, तिचं हेड ऑफिस कुठे, तुमचं सगळ्यात जुनं लायसन्स कुठलं, डिग्री नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची की बॉस्टनची, हे सगळं नंतर. गोंधळ होतात ते जवळपास सगळे या दोन पत्त्यांतलाच एखादा चुकीचा धरल्यामुळे होतात.

हे नक्की आहे काय

राज्याराज्यांनी आपापल्या विधानसभेत एकाच मजकुराचा कायदा पास करायचा आणि एकमेकांच्या पीटी आणि पीटीएंना (पीटी असिस्टंटना) काम करू द्यायचं, असा हा करार आहे. यामागे एफएसबीपीटी, म्हणजे लायसन्ससाठीची आपली एनपीटीई परीक्षा घेणारी संस्था, आणि एपीटीए, म्हणजे पीटींची राष्ट्रीय संघटना, दोघीही होत्या. २०१६ मध्ये ओरेगॉनने पहिल्यांदा कायदा केला, करार चालू व्हायला दहा राज्यं लागत होती ती २०१७ मध्ये भरली, आणि प्रत्यक्ष प्रिव्हिलेज मिळायला लागली २०१८ च्या जुलैपासून. आता तीसच्या वर राज्यांत ते घेता येतं.

शब्द नीट बघा, मिळतं ते प्रिव्हिलेज, लायसन्स नाही. गाडी एमएच-१२ ची आणि परराज्यात धंद्याला न्यायची तर त्या राज्याचं परमिट घ्यायचं, तसलाच प्रकार आहे हा, मूळ रजिस्ट्रेशन गेलं की परमिट कागदाचा चिटोरा. तुमचं एक घरचं लायसन्स, त्याच्यावर हव्या त्या राज्यांची प्रिव्हिलेजं, प्रत्येक राज्याचं वेगळं आणि प्रत्येकाचे पैसे वेगळे. घरात कुणी नर्स असेल तर तिच्याकडून ऐकून गोंधळ होतो, कारण नर्सिंगच्या करारात एकच मल्टिस्टेट लायसन्स सगळ्या सदस्य राज्यांत आपोआप चालतं. आपल्यात आपोआप काही चालत नाही. व्हर्जिनियात राहता आणि मेरीलँडला एकच दिवस कव्हर करायला जाताय? मेरीलँडचं घ्या, मग जा.

पहिला पत्ता: तुमचा

तुम्ही जिथे खरोखर राहता ते राज्य कराराचं सदस्य पाहिजे, आणि त्याच राज्याचं पूर्ण, चालू लायसन्स तुमच्याकडे पाहिजे. दोन्ही पाहिजे. इथेच जास्त लोक अडकतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

न्यू जर्सी सदस्य आहे, न्यू यॉर्क नाही. आता आपली किती माणसं जर्सी सिटीत किंवा एडिसनला राहून रोज नदी ओलांडून मॅनहॅटनला कामाला जातात, आणि काही जण उलटे, क्वीन्सला राहून जर्सीत होमकेअर करतात. एडिसनवाल्याकडे जर्सीचं लायसन्स असेल तर तो टेक्सास, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, हवी तेवढी प्रिव्हिलेजं घेऊ शकतो, पण रोजच्या मॅनहॅटनच्या नोकरीसाठी त्याला न्यू यॉर्कचं पूर्ण लायसन्स लागणारच, आणि ते न्यू यॉर्कच्या शिक्षण खात्याकडून मिळतं, हो, तिथे पीटीचं लायसन्स शिक्षण खातं देतं. क्वीन्सवाल्याकडे जर्सीचं लायसन्स अगदी दहा वर्षं जुनं असलं तरी त्याला कॉम्पॅक्टचा काहीही उपयोग नाही, कारण तो राहतो न्यू यॉर्कमध्ये. "पण माझ्याकडे सदस्य राज्याचं लायसन्स आहे ना" हे म्हणणं इथे चालत नाही. कॅलिफोर्नियातल्या लोकांचंही तेच, कॅलिफोर्निया मी हे लिहितेय तोवर तरी सदस्य नाही.

मग मावशीचा डॅलसचा पत्ता टाकू का, असं विचारणारे पण असतात. नका टाकू. राहण्याचा पुरावा म्हणून ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स रिटर्न असलं काहीही मागू शकतात, आणि खोटा पत्ता दिल्याचं उघड झालं तर कॉम्पॅक्ट राहिलं बाजूला, मूळ लायसन्सवरच बालंट येईल. व्हिसावर असाल तर अजून एक बारीक गोष्ट, बऱ्याच राज्यांत आपलं ड्रायव्हिंग लायसन्स आय-९४ च्या, म्हणजे देशात राहायची मुदत संपते त्या तारखेलाच संपतं, तर अर्ज करायच्या आधी ते चालू आहे ना बघून घ्या.

लष्करातल्या लोकांना आणि त्यांच्या जोडीदारांना घरचं राज्य ठरवताना जास्त पर्याय दिलेत, होम ऑफ रेकॉर्ड किंवा बदलीचं राज्य वगैरे, आणि काही राज्यं त्यांना राज्याची फी माफ करतात. तुम्हाला लागू असेल तर सोडू नका.

नकाशा बघताना सुद्धा सावध राहा. पीटी कॉम्पॅक्टच्या साइटवर राज्यांचा नकाशा आहे, त्यात "कायदा पास झाला" आणि "प्रिव्हिलेज देतोय" हे दोन वेगळे रंग आहेत. कायदा पास झाल्यावर राज्याला नियम करावे लागतात, फिंगरप्रिंट घेऊन एफबीआयची बॅकग्राउंड तपासणी चालू करावी लागते, आणि या सगळ्यात कधी कधी भरपूर वेळ जातो. राज्याच्या नावाची बातमी वाचली, गव्हर्नरने सही केली, म्हणजे उद्यापासून चालू असं नसतं. तुम्हाला दुसरा रंग पाहिजे, प्रिव्हिलेज देणारा, आणि घरचं राज्यही त्याच रंगात आलेलं पाहिजे.

रेकॉर्ड स्वच्छ आहे का

कुठल्याही राज्यातल्या तुमच्या कुठल्याही लायसन्सवर बंधन असेल, म्हणजे प्रोबेशन, सस्पेन्शन, काही अटी, तर प्रिव्हिलेज मिळत नाही. आणि गेल्या दोन वर्षांत शिस्तभंगाची कारवाई झालेली असेल तरी नाही. लोकांना वाटतं कारवाई म्हणजे काहीतरी भयंकर, फ्रॉड वगैरे. काही राज्यांत सीईयू, म्हणजे लायसन्स चालू ठेवायला करावे लागणारे कोर्सचे क्रेडिट, कमी पडले आणि ऑडिटमध्ये सापडलं तरी बोर्ड रीतसर ऑर्डर काढतं आणि ती रेकॉर्डवर जाते. जुन्या राज्यातलं, आता वापरत नसलेलं लायसन्स सुद्धा मोजतात. तर ज्या ज्या राज्यांत कधीकाळी लायसन्स होतं तिथल्या बोर्डाच्या साइटवर आपलं नाव टाकून स्टेटस काय दिसतं ते आधी बघा, फुकट असतं आणि पाच मिनिटांचं काम आहे.

भारतात शिकलेल्यांना चालतं का

चालतं. हा प्रश्न बीपीटीएच (फिजिओथेरपीची बॅचलर डिग्री) करून आलेल्यांकडून सारखा येतो म्हणून वेगळं लिहितेय. एफसीसीपीटी या परदेशी डिग्र्या तपासणाऱ्या संस्थेकडून डिग्रीचं मूल्यमापन, इंग्रजीची परीक्षा, एनपीटीई, हे सगळं तुम्ही पहिल्या लायसन्ससाठी एकदा करून बसलात. कॉम्पॅक्ट त्यानंतरची पायरी आहे, तिथे फक्त घरच्या राज्याचं लायसन्स बघतात, कुठे शिकलात ते विचारत नाहीत. खरं सांगायचं तर आपल्यासाठी हाच या कराराचा सगळ्यात मोठा फायदा आहे, कारण नवीन राज्याचं पूर्ण लायसन्स काढायला गेलं की काही बोर्डं मूल्यमापनाचे रिपोर्ट परत मागवतात, कोर्सवर्क तपासायच्या साच्याची वेगळी आवृत्ती मागतात, आणि मग इकडे कॉलेजला फोन करा, ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट पाठवायला सांगा, ते पाकीट कुरिअरमध्ये अडकतं, हे सगळं नाट्य. प्रिव्हिलेजला यातलं काही नाही.

उलट बाजू अशी की कॉम्पॅक्टमुळे पहिलं लायसन्स सोपं होत नाही. एनपीटीई बाकी आहे, मूल्यमापन चालू आहे, तर तुम्हाला सध्या याचा काहीच उपयोग नाही. मात्र पहिलं लायसन्स कुठल्या राज्याचं काढायचं हे अजून ठरलं नसेल आणि दोन ऑफर हातात असतील, तर त्यातलं सदस्य राज्य कुठलं हे बघायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष घ्यायचं कसं

पीटी कॉम्पॅक्टच्या साइटवर जायचं, तुमचा एफएसबीपीटी आयडी लागेल, एनपीटीईच्या वेळी मिळालेला तोच. पासवर्ड आठवत नसेल तर आधी ते निस्तरा. तुमचं घरचं लायसन्स, त्याची एक्सपायरी, पत्ता हे तिथे दिसतं, ते तुमच्या बोर्डाकडून आलेलं असतं, म्हणून लग्नानंतर नाव बदललं असेल आणि बोर्डाकडे एक नाव, एफएसबीपीटीकडे दुसरं असेल तर तिथे गाडी अडते. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं नंतर नवऱ्याचं असं असल्यामुळे हे फार होतं. दोन्हीकडे एकसारखं करून घ्या, पासपोर्टवर आहे तसं.

मग राज्य निवडायचं. काही राज्यं त्यांच्या कायद्याची परीक्षा आधी द्यायला लावतात, ज्युरिसप्रुडन्स म्हणतात ती. बहुतेक ऑनलाइन असते आणि पुस्तक उघडून देता येणारी असते, पण फी वेगळी असते, आणि ती पास झाल्याशिवाय पुढचं बटण उघडत नाही. परीक्षा कुठल्या राज्याला लागते आणि कुणाला नाही ते त्याच साइटवर राज्यवार लिहिलंय. माझं मत विचाराल तर ज्या राज्यात परीक्षा नाही तिथला सुद्धा प्रॅक्टिस अ‍ॅक्ट, म्हणजे पीटीच्या कामाचा कायदा, एकदा वाचा, का ते पुढे येईलच.

पैसे दोन भागांत जातात. हा करार चालवणाऱ्या कॉम्पॅक्ट कमिशनची फी ४५ डॉलर, प्रत्येक राज्यामागे, आणि वर त्या राज्याची स्वतःची फी, जी काही राज्यांत शून्य आहे आणि काहींत चांगली घसघशीत आहे. पैसे परत मिळत नाहीत, म्हणून "असू दे, कधीतरी लागेल" म्हणून सहा राज्यं एकदम घेऊ नका, काम समोर आलं की घ्या, कारण सगळं जुळलेलं असेल तर प्रिव्हिलेज बरेचदा त्याच बैठकीत मिळून जातं. एजन्सी म्हणेल आत्ताच घेऊन ठेवा, म्हणजे आम्हाला सबमिट करायला बरं. मग म्हणावं तुम्ही पैसे द्या. बऱ्याच एजन्स्या लायसन्सचे पैसे परत देतात, कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहून घ्यायचं.

आणि सही करायच्या आधी तारीख बघा. प्रिव्हिलेजची एक्सपायरी तुमच्या घरच्या लायसन्सच्या एक्सपायरीलाच असते, तुम्ही ते कधी घेतलं याला काही किंमत नाही. जर्सीचं लायसन्स सम वर्षाच्या ३१ जानेवारीला संपतं. म्हणजे २०२७ च्या डिसेंबरमध्ये कुणी टेक्सासचं प्रिव्हिलेज घेतलं तर ते २०२८ च्या जानेवारीअखेर खलास, आणि परत पूर्ण फी. अशा वेळी काम दोन आठवडे पुढे ढकलता येत असेल, तर रिन्यूअलची खिडकी उघडल्या उघडल्या आधी घरचं लायसन्स रिन्यू करा, नवीन तारीख सिस्टिममध्ये दिसू दे, मग घ्या.

घेतल्यावर नंबर मिळतो तो एम्प्लॉयरला द्या. एचआरमधल्या काही लोकांना प्रिव्हिलेज म्हणजे काय ते माहीत नसतं, ते "लायसन्सची कॉपी पाठवा" करत बसतात. त्यांना कॉम्पॅक्टच्या साइटवरचं व्हेरिफिकेशन पान दाखवायचं, वाद घालू नका.

दुसरा पत्ता: पेशंटचा

पेशंट ज्या राज्यात आहे त्या राज्याचा कायदा तुम्हाला लागू. घरच्या राज्यात जे चालतं ते तिथे चालेलच असं नाही, आणि "मला माहीत नव्हतं" हे त्या बोर्डाला सांगून काही होत नाही.

उदाहरण द्यायचं तर टेक्सास. डॉक्टरच्या रेफरलशिवाय पेशंट बघणं आता सगळ्याच राज्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात चालतं, पण टेक्सासमध्ये २०१९ च्या कायद्याने त्याला मर्यादा आहे, सलग १० कामाचे दिवस, आणि डीपीटी (पीटीतली डॉक्टरेट), रेसिडेन्सी अशा जास्तीच्या शिक्षणाच्या अटी पुऱ्या केल्या असतील तर १५. त्यानंतर रेफरल पाहिजे. म्हणजे भारतातली बॅचलर डिग्री घेऊन आलेला, वर ट्रान्झिशनल डीपीटी (आधीच पीटी असलेल्यांसाठीचा डीपीटी कोर्स) केलेलं नाही, असा पीटी आणि शेजारच्या टेबलवरचा डीपीटी यांचे दिवस वेगळे असू शकतात. किंवा ड्राय नीडलिंग, म्हणजे दुखऱ्या स्नायूत बारीक सुया टोचण्याचा उपचार, घ्या. मेरीलँडला त्यासाठी एकूण ८० तासांचं ट्रेनिंग लागतं, कुठे त्याहून बरंच कमी चालतं, आणि काही राज्यांत ते पीटीच्या कक्षेतच धरत नाहीत. वीकेंडचा एक कोर्स करून आलात आणि सुया घेऊन मेरीलँडला गेलात तर प्रिव्हिलेज असूनही तुम्ही नियमाबाहेर. पीटीएवर देखरेख किती, एका पीटीखाली किती पीटीए, प्रोग्रेस नोट कधी लिहायची, हेही राज्यागणिक बदलतं. एक बरं आहे, सीईयू मात्र फक्त घरच्या राज्याचे करायचे, जर्सीवाल्याने दोन वर्षांत ३० क्रेडिट केले की झालं, प्रिव्हिलेजच्या राज्यांसाठी वेगळे नाहीत.

टेलिहेल्थमध्ये हा पेशंटचा पत्ता जास्त चकवा देतो, कारण तुम्ही तुमच्याच खुर्चीत असता. जर्सीतली तुमची पेशंट, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या काकू, दोन महिन्यांसाठी लेकीकडे नॉर्थ कॅरोलायनात केरीला गेल्या आणि म्हणाल्या व्हिडिओवर करू या व्यायाम. त्या दिवसापासून तुम्हाला नॉर्थ कॅरोलायनाचं प्रिव्हिलेज पाहिजे, त्यांचा कायमचा पत्ता एडिसनचा असला तरी. त्या कॅलिफोर्नियातल्या लेकाकडे गेल्या तर कॉम्पॅक्ट नाहीच, तिथलं लायसन्स नसेल तर सेशन बंद. म्हणून प्रत्येक व्हिडिओ सेशनच्या सुरुवातीला "आज कुठे आहात?" विचारायचं आणि नोटमध्ये लिहायचं. काकूंना वाटेल काय हे चौकशा करतायत, वाटू दे.

आणि आपल्या मंडळींचं काय असतं, पीटी म्हटलं की गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात असतानाच खांदा पुढे येतो, "जरा बघ ना गं, वर जात नाही". २०२४ चं बीएमएमचं (बृहन्महाराष्ट्र मंडळाचं) अधिवेशन सॅन होजेला होतं, तिथे टेक्सासहून, जर्सीहून गेलेल्या पीटींना किती खांदे बघावे लागले असतील देव जाणे, आणि कॅलिफोर्निया तर करारात नाही. चालत राहा, डॉक्टरला दाखव, इतपत गप्पा मारणं वेगळं, आणि तपासून, निदान सांगून, व्यायाम लिहून देणं वेगळं. फुकट केलं म्हणून ती प्रॅक्टिस होत नाही असं समजू नका. पैसे घेतले नाहीत हा बचाव धरू नका, मंडळाच्या आरोग्य शिबिरासाठी परराज्यात जाणार असाल तर आधी तिथलं प्रिव्हिलेज घ्या. भारतातल्या आत्याला व्हिडिओवर बघायचं असेल तर तो कॉम्पॅक्टचा विषयच नाही, हा करार फक्त अमेरिकेतल्या राज्यांपुरता आहे.

एच-१बी वर असाल तर हे नीट वाचा

बाकीचं वरवर वाचलंत तरी चालेल, हे नको. कॉम्पॅक्ट तुम्हाला त्या राज्यात पीटी म्हणून काम करायला मोकळं करतं, इमिग्रेशनच्या दृष्टीने तुम्हाला तिथे काम करायला मोकळं करत नाही. दोन वेगळी खाती आहेत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

एच-१बीचा अर्ज करताना एम्प्लॉयर एलसीए, म्हणजे कामगार खात्याकडचा फॉर्म, भरतो, त्यात कामाची जागा लिहिलेली असते. त्या मेट्रो भागाच्या बाहेर नवीन जागी काम करायचं तर इमिग्रेशन खात्याच्या २०१५ च्या सिमिओ निर्णयानंतर एम्प्लॉयरला सुधारित पिटिशन टाकावं लागतं, तेही तुम्ही तिथे काम सुरू करायच्या आधी. थोड्या दिवसांसाठी सवलत आहे, वर्षाला ३० कामाचे दिवस, आणि मूळ जागेशी तुमचं नातं टिकून असेल, म्हणजे तिथे काम चालू, घर तिथेच, तर ६०, पण त्यालाही अटी आहेत, एम्प्लॉयरने राहण्याजाण्याचा खर्च करायचा वगैरे. तेरा आठवड्यांचं ट्रॅव्हल कॉन्ट्रॅक्ट पाच दिवसांच्या आठवड्याने ६५ दिवस होतं, म्हणजे त्यात बसतच नाही. तेव्हा एजन्सीने "तुमच्याकडे प्रिव्हिलेज आहे ना, सोमवारपासून या" म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, नवीन जागेची एलसीए झाली का, पिटिशन टाकलं का, रिसीट दाखवा. तिथे एजन्सीवाली गडबडली तर समजून जा.

टेलिहेल्थमध्ये गंमत उलटी होते. तुम्ही जर्सीच्या क्लिनिकमध्ये बसून टेक्सासचा पेशंट बघताय, तर कामाची जागा जर्सीच आहे, एलसीए बदलत नाही, पण प्रिव्हिलेज टेक्सासचं लागतं. पेशंट कुठे ते पीटी बोर्ड बघतं, तुम्ही कुठे बसता ते इमिग्रेशन बघतं. आणि संध्याकाळी घरून स्वतःचे दोन-चार पेशंट, स्वतःची एलएलसी, हे एच-१बी वर नाही, प्रिव्हिलेज कितीही राज्यांची असोत. एच-१बी फक्त त्या एम्प्लॉयरसाठी काम करायला दिलेला असतो. पीटी शेड्यूल ए या तुटवड्याच्या पेशांच्या यादीत येतात म्हणून ग्रीन कार्डला पर्मची, म्हणजे लेबर सर्टिफिकेशनची पायरी वाचते हे खरं, पण भारतात जन्मलेल्यांची रांग वर्षानुवर्षांची आहे, म्हणजे बरेच जण दीर्घकाळ एच-१बी वरच काढणार, आणि साइड बिझनेसच्या चार पैशांसाठी ती रांग सोडावी लागणं परवडणारं नाही. इमिग्रेशन वकिलाला ईमेलवर विचारा, तोंडी नको, उत्तर जपून ठेवा.

बिलिंग

थोडक्यात सांगते. एनपीआय, म्हणजे बिलावर जाणारा तुमचा ओळख नंबर, देशभर एकच, तो बदलत नाही. मेडिकेअरने २०२० मध्येच स्पष्ट केलंय की करारातून मिळालेली परवानगी एनरोलमेंटसाठी लायसन्ससारखीच धरली जाईल, पण नवीन राज्यातलं एनरोलमेंट करावं लागतंच, ते आपोआप होत नाही. खासगी इन्शुरन्सचं क्रेडेन्शियलिंग (तुमची पडताळणी करून यादीत घेणं) आणि त्या राज्याचं मेडिकेड वेगळं, आणि त्याला प्रिव्हिलेजपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. म्हणजे आज प्रिव्हिलेज मिळालं म्हणून उद्या बिल जाईल असं समजू नका, नोकरीत असाल तर हे काम एम्प्लॉयरचं, पण विचारून घ्या. मालप्रॅक्टिस पॉलिसीवाल्यांनाही नवीन राज्य कळवा, विशेषतः पॉलिसी स्वतःची असेल तर.

नंतरची कटकट

रिन्यूअल आपोआप होत नाही. आधी घरचं लायसन्स रिन्यू, मग प्रत्येक प्रिव्हिलेज वेगळं रिन्यू, परत फी, आणि काही राज्यांत परत ज्युरिसप्रुडन्स. घरचं लायसन्स शेवटच्या दिवशी रिन्यू करायची सवय असेल तर मधल्या काळात प्रिव्हिलेज बंद पडून तुम्ही टेक्सासमध्ये पेशंटसमोर परवानगीशिवाय उभे असू शकता. ज्या राज्यातलं काम संपलंय त्याचं सोडून द्या, रिन्यू करायची सक्ती नाही.

काही कारवाई झाली तर ती एका राज्यापुरती राहत नाही. घरच्या लायसन्सवर बंधन आलं की सगळीकडची प्रिव्हिलेजं जातात, आणि बंधन उठल्यावरही कारवाईपासून दोन वर्षं व्हावी लागतात. एखाद्या परराज्याने तिथलं प्रिव्हिलेज काढून घेतलं तरी बाकीच्या राज्यांतली प्रिव्हिलेजं जातात, दंड भरून, मुदत संपून, दोन वर्षं होईपर्यंत. करारात नसलेल्या राज्याने, समजा कॅलिफोर्नियाने, कारवाई केली तर ती तुम्ही स्वतः ३० दिवसांत कमिशनला कळवायची. राज्यांचा डेटा एकत्र आहे, लपवून काही होत नाही.

आणि घर बदललं तर. जर्सीहून टेक्सासला कायमचं शिफ्ट होताय, टेक्सासचं प्रिव्हिलेज आधीच आहे, म्हणून बिनधास्त राहू नका. राहायला गेलात की टेक्सास तुमचं घरचं राज्य झालं, आणि घरच्या राज्यात पूर्ण लायसन्स लागतं, प्रिव्हिलेजचं लायसन्स करून मिळत नाही. मुलांच्या शाळेची अ‍ॅडमिशन शोधायला लागाल त्याच सुमाराला एन्डोर्समेंटने, म्हणजे आधीच्या राज्याच्या लायसन्सच्या आधारे, टेक्सासच्या लायसन्सचा अर्ज टाका, ते हातात आल्यावर सामान हलवा, मग ड्रायव्हिंग लायसन्स आणि कॉम्पॅक्टच्या खात्यातला पत्ता बदला, आणि बाकीच्या राज्यांची प्रिव्हिलेजं नव्या लायसन्सवर कशी बसतात ते कमिशनला विचारून लिहून घ्या. करार नसलेल्या राज्यात शिफ्ट होताय, लेकाला बर्कलीला अ‍ॅडमिशन मिळाली म्हणून सगळेच कॅलिफोर्नियाला निघालात, तर सगळी प्रिव्हिलेजं संपली, आणि ज्या ज्या राज्यात अजून पेशंट बघायचेत तिथलं पूर्ण लायसन्स वेगवेगळं काढा, तेही कॅलिफोर्नियाच्या लायसन्सच्या अर्जासोबतच टाकलेलं बरं, कारण त्या सगळ्या बोर्डांना तुमच्या जर्सीच्या लायसन्सचं व्हेरिफिकेशन लागणार आहे आणि ते एकदाच बसून मागवता येतं.